दोन वह्यांचा ताळमेळ

पाम पायलट या खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डायरीची आठवण निघाली की लोक त्याच्या पडद्याबद्दल बोलतात, काडीसारख्या पेनाबद्दल बोलतात, ग्रॅफिटी नावाची ती वेगळी अक्षरं कशी गिरवावी लागत ते सांगतात. माझ्या मते त्या यंत्राचं खरं मोठेपण त्याला पीसीशी जोडणाऱ्या बैठकीत, म्हणजे क्रेडलमध्ये होतं आणि क्रेडलवरच्या एकाच बटणात होतं. मुंबईच्या फोर्टमधल्या एका निर्यात कंपनीत मी साहेबांची सेक्रेटरी होते आणि ते बटण रोज दाबणं माझ्याकडे होतं.

त्याआधी माझ्या टेबलावर रोलोडेक्स, व्हिजिटिंग कार्डांचे अल्बम आणि टेलिफोनची वही एवढा संसार असे. जानेवारी आला की जुन्या वहीतली नावं नव्या वहीत उतरवायची. मग दुबईहून येणाऱ्यांच्या बॅगांतून कॅसिओच्या डिजिटल डायऱ्या आल्या. साहेबांच्या खिशात डायरी, माझ्याकडे वही. एकीतला बदल दुसरीला कळवायचा तो माणसानेच. यावर उपाय शोधण्यात कंपन्यांनी काय काय केलं! टायमेक्सने मायक्रोसॉफ्टबरोबर १९९४ मध्ये डेटालिंक नावाचं मनगटी घड्याळ काढलं. ते मॉनिटरसमोर धरायचं. पडद्यावर पांढऱ्या रेघा लुकलुकत आणि फोन नंबर त्या उजेडातून घड्याळात उतरत. मात्र घड्याळातून पीसीकडे काहीच परत येत नसे.

कॅलिफोर्नियात जेफ हॉकिन्सने पाम कंपनी १९९२ मध्ये सुरू केली. तिचं पहिलं यंत्र, झूमर, १९९३ मध्ये बाजारात आलं आणि फारसं चाललं नाही. त्यानंतर हॉकिन्स खिशात एक लाकडी ठोकळा घेऊन फिरू लागला. मीटिंगमध्ये कोणी तारीख विचारली की ठोकळा काढायचा, त्यावर लिहिल्यासारखं करायचं. ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला त्याचा दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा वाटतो. खिशातल्या यंत्राला त्याने छोटा कॉम्प्युटर मानलंच नाही. टायपिंग टेबलावरच्या पीसीवर व्हायचं, प्रवासात फक्त पाहायचं, चार अक्षरं लिहायची. म्हणून पीसीशी जोडणी हाच यंत्राचा गाभा. १९९६ मध्ये पायलट १००० आलं तेव्हा किंमत २९९ डॉलर, मेमरी १२८ केबी, दोन छोटे सेल, आणि क्रेडल खोक्यातच. क्रेडलची वायर पीसीच्या सीरियल पोर्टला लावायची, बटण दाबायचं. त्याला हॉटसिंक म्हणत.

आमच्याकडे आला तो १९९८ चा पाम थ्री. साहेबांनी तो सिंगापूरहून आणला. माझ्या पीसीवर तोवर अ‍ॅक्ट होतं. डॅलसच्या पॅट सुलिव्हन आणि माइक मुहनी यांनी १९८७ मध्ये बाजारात आणलेलं हे सॉफ्टवेअर विक्रीच्या माणसांसाठीच होतं. त्यात माणसाचं नाव उघडलं की त्याच्याशी कधी काय बोलणं झालं, पुढचा फोन कधी करायचा, सगळं समोर येई. पामला ते जोडायचं तर कंड्यूट नावाचा वेगळा प्रोग्रॅम टाकावा लागे. पत्त्यांच्या वहीला कंड्यूट एकच. अ‍ॅक्टचा टाकला की पीसीवरच्या पामच्या स्वतःच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमकडे पत्ते जाणं बंद.

आतली रचना मी पुढे मॅन्युअल वाचून समजून घेतली आणि आजही मला तिचं कौतुक वाटतं. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असे आणि सोबत काही खुणा. नोंद बदलली की तिच्यावर ‘बदललेली’ अशी खूण बसे. बटण दाबल्यावर फक्त खुणेच्या नोंदी इकडून तिकडे जात, म्हणून काम झटपट उरके. तोच पाम दुसऱ्या पीसीला लावून आणला, तर त्या खुणांवर भरवसा ठेवता येत नसे. मग एकेक नोंद ताडून पाहिली जाई आणि तोवर चहा होई. पामवर पुसलेलं नावसुद्धा लगेच जात नसे. पडद्यावरून ते नाहीसं होई, पण आत ‘पुसलेलं’ अशी खूण घेऊन पुढच्या सिंकपर्यंत थांबे. ते तिथल्या तिथे संपलं असतं, तर पीसीला पत्ताच लागला नसता.

आणि एकच नोंद दोन्हीकडे बदलली असेल तर? तर पाम निवाडा करत नसे. दोन्ही नोंदी दोन्हीकडे ठेवी आणि लॉगमध्ये तसं नमूद करी. आमच्या नाशिकच्या एका पुरवठादाराचा नवा मोबाइल नंबर साहेबांनी गाडीत बसून पामवर घातला, त्याच दिवशी मी त्याच्या कारखान्याचा बदललेला नंबर अ‍ॅक्टमध्ये घातला. सिंकनंतर दोन पुरवठादार झाले, दोघेही अर्धे बरोबर. ते एक करायला माणूसच हवा होता. लॉग वाचणं, जुळी नावं शोधणं, कोणतं खरं ते फोन करून विचारणं, हा माझा रोजचा तास होता. सेक्रेटरीचं काम यंत्राने घेतलं असं त्या काळात फार ऐकलं. मी त्या खुर्चीत बसले होते, म्हणून ठामपणे सांगते, की ते तसं झालं नाही.

आपल्याकडची माणसं त्या साच्यात बसवणं हेही एक काम होतं. पामच्या पत्त्यात नाव आणि आडनाव असे दोनच रकाने; वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावालाच जोडावं लागे. लिपी रोमन, आणि चौधरी आडनाव रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं. फोनचे रकाने पाच, त्यांना ऑफिस, घर, फॅक्स, पेजर अशी नावं, घरी फोन नसलेले लोक शेजारच्यांचा जो पी. पी. नंबर देत, त्याला त्यात जागा नव्हती. खाली चार मोकळे रकाने असत, त्यातला एक मी पी. पी.ला दिला आणि एक दिवाळीच्या भेटींना. पुढे मुंबईचे फोन नंबर सात आकड्यांचे आठ झाले, प्रत्येकाच्या आधी २ लागला, तेव्हा सगळी यादी पीसीवर बसून दुरुस्त केली आणि एका सिंकमध्ये साहेबांच्या खिशात पोचवली. वहीच्या काळात याला महिना गेला असता.

पामचा अंत लांबत गेला. १९९८ मध्येच हॉकिन्स आणि त्याचे सहकारी बाहेर पडले, त्यांनी हँडस्प्रिंग काढली, २००३ मध्ये त्या दोन्ही कंपन्या पुन्हा एक झाल्या. २०१० मध्ये एचपीने पाम विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ही यंत्रं बनवणं थांबवलं.

आता फोन सगळे संपर्क आपोआप जुळवून घेतो आणि जुळवताना काय ठेवलं, काय टाकलं हे सहसा सांगत नाही. त्या काळातली एक गोष्ट मात्र टिकली आहे: व्हीकार्ड. अ‍ॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात मिळून ठरवलेला हा नमुना आजही प्रत्येक फोन वाचतो. म्हणून एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत एकदा फोनमधले सगळे संपर्क व्हीसीएफ, म्हणजे व्हीकार्डच्या फाइलमध्ये काढा, ती पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि घरच्यांचे नंबर एका कागदावर हाताने लिहून कपाटात ठेवा.