आभासी शर्यतीचा अनपेक्षित निकाल : दोष की योगायोग?

लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवर होणारी ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची घोडेशर्यत २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे रद्द झाली. तिच्याऐवजी ४ एप्रिलला आयटीव्ही वाहिनीवर संगणकाने घडविलेली ४० घोड्यांची शर्यत दाखविण्यात आली. २०१८ आणि २०१९ मध्ये खरी शर्यत जिंकलेला टायगर रोल फेव्हरिट होता. तो चौथा आला आणि १८ ला १ असा भाव असलेला पॉटर्स कॉर्नर जिंकला. ऑनलाइन अश्वखेळात असा निकाल लागला, की खेळाडूचा पहिला संशय प्रोग्रॅमवर जातो. हा संशय दर वेळी रास्त असतोच असे नाही.

निकाल कसा ठरतो?

अशा खेळांत साधारणतः घोड्याच्या गुणांत संगणकाने काढलेला एक यादृच्छिक आकडा मिसळला जातो. त्यामुळे बलवान घोड्याची जिंकण्याची शक्यता वाढते, खात्री मात्र मिळत नाही. १८ ला १ या भावाचा ढोबळ अर्थ १९ शर्यतींत एक विजय, म्हणजे पाच टक्क्यांहून किंचित अधिक शक्यता. असा विजय विरळा खरा, पण अशक्य नव्हे.

आधी काय तपासावे?

पहिली बाब स्पर्धेच्या प्रकाराची. फ्रान्समध्ये २००५ साली सुरू झालेल्या 'हाउर्स' या खेळात दम, वेग, ड्रेसाज, गॅलप, ट्रॉट आणि उडी अशी सहा कौशल्ये आहेत. प्रत्येक स्पर्धेत त्यांचे महत्त्व वेगवेगळे असते. साहजिकच बेरजेत सरस असलेला घोडा एखाद्या प्रकारात मागे पडू शकतो.

दुसरी बाब वेळेची. निकालानंतर दिसणारे गुण शर्यतीच्या क्षणी तेवढेच होते का, हे पाहावे. खेळाचा दिवस पॅरिसच्या वेळेनुसार बदलत असेल, तर भारतात तो हिवाळ्यात पहाटे साडेचारला आणि उन्हाळ्यात साडेतीनला बदलतो. त्यानंतर दिलेले प्रशिक्षण पुढल्या दिवसाच्या खाती जमा होते.

तिसरी बाब आकड्यांची. पडद्यावर दोन घोड्यांचे गुण ८२.४ असे सारखे दिसले, तरी मूळ आकडे ८२.४४ आणि ८२.३६ असू शकतात. अशा वेळी बरोबरीचा भास होतो, पण क्रमवारी योग्यच असते.

सलग पराभवांचे काय?

जिंकण्याची शक्यता ३० टक्के असलेला घोडा सलग दहा शर्यती हरण्याची शक्यता सुमारे २.८ टक्के असते. अशा घोड्यांचे १००० मालक प्रत्येकी दहा शर्यती खेळले, तर प्रोग्रॅममध्ये काडीचीही चूक नसताना सुमारे २८ जणांच्या पदरी दहा पराभव येतील. यातील प्रत्येकाला आपल्यावरच अन्याय झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी निदान शंभरेक शर्यतींची नोंद ठेवावी.

खरा दोष कसा ओळखावा?

निकालपत्रकातच विसंगती असेल, तर दोषाचा संशय बळावतो. कमी गुणांचा घोडा वर असणे, बक्षिसाची रक्कम क्रमांकाशी न जुळणे, अपात्र घोड्याचे नाव यादीत येणे ही त्याची लक्षणे होत. आकड्यांची क्रमवारी शब्दांप्रमाणे लावण्याची चूक तर प्रोग्रॅमरांच्या नेहमीच्या परिचयाची आहे. तीत पहिला अंक मोठा म्हणून ९ गुणांचा घोडा १०० गुणांच्या घोड्यापुढे जातो. तक्रार करताना स्पर्धेचा क्रमांक, तारीख, वेळ, घोड्याचे त्या वेळचे गुण आणि पडद्याचे छायाचित्र सोबत द्यावे. 'माझा घोडा उगाच हरला' एवढ्यावरून काहीच शोधता येत नाही.

हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. अशा अनेक खेळांत घोड्याची ताकद वाढविणाऱ्या सवलती खऱ्या पैशांनी विकत मिळतात आणि खेळणाऱ्यांत शाळकरी मुलेही असतात. योगायोगाने झालेला पराभव घोड्याचा दुबळेपणा समजून मूल आणखी पैसे मागू लागते. तेव्हा पालकांनी पाकिटाला हात घालण्यापूर्वी मुलासोबत निकालांची वही उघडणे श्रेयस्कर ठरेल.