दुकानाचा बोर्ड, फुटपाथ आणि महापालिकेचा परवाना : छोट्या दुकानदारांनी काय माहीत करून घ्यावे?

दुकान आत गल्लीत असते, गिऱ्हाईक मात्र मुख्य रस्त्यावरून जात असते. मग दुकानदार काय करतो? एक स्टँडी बनवून घेतो, सकाळी शटर उघडले की ती फुटपाथवर आणून ठेवतो. बिर्याणी हाऊस असो, मोबाईल रिपेअरिंग असो, शिवणकामाचे दुकान असो की ट्यूशन क्लास, सगळीकडे हेच चित्र दिसते. काही दिवस सगळे ठीक चालते. मग एक दिवस महापालिकेची गाडी येते आणि बोर्ड उचलून नेते. दुकानदार विचारतो, "साहेब, नोटीस तरी द्यायची होती!"

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना माहीत नसते, आणि त्याचाच फायदा मधले लोक घेतात. "महिन्याला एवढे देत जा, तुमच्या बोर्डाला कोणी हात लावणार नाही," असे सांगणारे प्रत्येक बाजारात भेटतात. त्यामुळे मुंबई आणि राज्यातील इतर महापालिकांच्या हद्दीत नियम नेमका काय आहे, ते आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

फुटपाथवर ठेवलेला बोर्ड

सर्वात आधी हे पक्के लक्षात घ्या : दुकान तुमचे असले तरी दुकानासमोरचा फुटपाथ तुमचा नाही. तो सार्वजनिक रस्त्याचाच भाग आहे. मुंबईला १८८८चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ३१४ नुसार रस्त्यावर किंवा फुटपाथवर विनापरवाना ठेवलेली वस्तू आयुक्त नोटीस न देता हटवू शकतात. पुणे, ठाणे, नाशिक, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), सोलापूर, मालेगाव, भिवंडी अशा इतर महापालिकांना १९४९चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यातील कलम २३१ मध्ये अशीच तरतूद आहे. म्हणजे नोटीस न देता स्टँडी उचलली ही तक्रार कायद्यापुढे टिकत नाही.

स्टँडी लहान आहे, तिने कोणाचे काय बिघडते, असे वाटू शकते. पण अशा दहा दुकानांच्या दहा स्टँडी, त्यात उभ्या केलेल्या दुचाकी आणि बाहेर मांडलेला माल धरला तर पायी चालणाऱ्याला रस्त्यावरच उतरावे लागते. म्हातारी माणसे, शाळेची मुले, काठी घेऊन चालणारे अंध, व्हीलचेअरवरचे लोक यांच्या जिवावर ते बेतू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट केले की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तेव्हा या बाबतीत महापालिकेकडून सवलतीची आशा ठेवू नये.

दुकानावर लावलेला बोर्ड

आता दुकानाच्या दर्शनी भागावर लावायच्या बोर्डाकडे वळू. येथे कायदा छोट्या दुकानदाराच्या बाजूने आहे, पण हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईत जाहिरातीचे नियमन कलम ३२८-अ खाली, तर इतर महापालिकांत कलम २४५ खाली होते. जाहिरात लावायला लेखी परवानगी हवी, हा सर्वसाधारण नियम. पण ज्या जागेत धंदा चालतो त्याच जागेवर त्याच धंद्याचा साधा बोर्ड लावला असेल, त्यात लाईट नसेल आणि तो आकाशचिन्ह नसेल, तर ही परवानगी लागत नाही. आकाशचिन्ह म्हणजे इमारतीच्या वर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसेल असा उभारलेला फलक.

परवाना कधी लागतो, तर :
– बोर्डात किंवा बोर्डावर लाईट असेल, म्हणजे ग्लो साइन, एलईडी वगैरे.
– फलक गच्चीवर किंवा छपरावर उभारायचा असेल.
– फलक दुसऱ्याच जागेवर लावायचा असेल, उदा. दुकान गल्लीत आणि बोर्ड नाक्यावरच्या इमारतीवर.
– बोर्डावर तुमच्या धंद्याऐवजी एखाद्या कंपनीची जाहिरात असेल. शीतपेय किंवा सिमकार्ड कंपनीने फुकट बनवून दिलेल्या बोर्डात हीच गोम असते. बोर्ड फुकट मिळतो, पण विचारणा दुकानदाराकडे होते.

अर्ज कोठे करायचा?

मुंबईत वॉर्ड ऑफिसच्या अनुज्ञापन खात्यात, तर पुण्यासारख्या शहरांत आकाशचिन्ह व परवाना विभागात अर्ज करावा. साधारणपणे जागेचा पुरावा, जागामालकाचे किंवा सोसायटीचे ना-हरकत पत्र, बोर्डाची मापे आणि फोटो लागतात. मोठ्या फलकासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्रही लागते. शुल्क बोर्डाचा आकार, प्रकार आणि जागेनुसार ठरते. पैसे भरल्यावर पावती घ्या, परवान्याची झेरॉक्स दुकानात ठेवा आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा. पावती नसलेला पैसा म्हणजे परवाना नव्हे.

बॅनर आणि फ्लेक्स

उद्घाटन, वाढदिवस, ईदच्या शुभेच्छा, गणेशोत्सव, जलसा, निवडून आल्याचे अभिनंदन, कारण कोणतेही असो, विजेच्या खांबावर, झाडावर किंवा दुभाजकावर परस्पर फ्लेक्स लावणे बेकायदाच आहे. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ नुसार यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फ्लेक्स ज्याच्या फायद्यासाठी लावला तोही जबाबदार धरला जातो. फोटो आपला, बॅनर मित्रांनी लावला, एवढे म्हणून सुटका होत नाही. आपल्याला ते माहीत नव्हते किंवा आपली संमती नव्हती, हे सिद्ध करावे लागते. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांवर कडक कारवाईचे आदेश सर्व महापालिका व नगरपालिकांना दिले आहेत.

नियम मोडल्याने काय होते, ते १३ मे २०२४ रोजी घाटकोपरमध्ये सगळ्यांनी पाहिले. वादळात पेट्रोल पंपावर कोसळलेल्या होर्डिंगखाली १७ जणांचा बळी गेला. मुंबईत ४० बाय ४० फुटांपर्यंत होर्डिंगला मुभा असताना ते त्याहून कितीतरी मोठे होते.

बोर्डाची भाषा

दुकानाचा बोर्ड देवनागरी लिपीत, मराठीत असणे बंधनकारक आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू झाला. मराठी अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. दंड कामगारांच्या संख्येनुसार, प्रत्येक कामगारामागे दोन हजार रुपयांपर्यंत होऊ शकतो.

मग उर्दू लिहायची नाही का? जरूर लिहा. कायदा मराठी सक्तीची करतो, दुसऱ्या भाषेला मनाई करत नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू लिहिण्याला आव्हान देण्यात आले होते. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ते प्रकरण नगरपरिषदेच्या फलकाचे होते, दुकानाचे नव्हे. दुकानदाराने मराठी वर आणि ठळक ठेवली की खाली उर्दू, हिंदी, इंग्रजी काहीही लिहायला हरकत नाही.

शेवटी एवढेच

स्टँडी आपल्या उंबरठ्याच्या आत ठेवा. लाईटचा बोर्ड असेल तर परवाना काढा. कोणी पैसे मागितले तर "पावती द्या" म्हणा. बोर्ड उचलून नेला असेल तर वॉर्ड ऑफिसमध्ये लेखी अर्ज देऊन कोणत्या कलमाखाली कारवाई झाली ते विचारा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्यायला विसरू नका. मुंबईत १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. चार फुटांची जागा मोकळी सोडली म्हणून कोणाचे गिऱ्हाईक तुटत नाही. उलट फुटपाथवरून निवांत चालणारा माणूसच दुकानाकडे वळून पाहतो.