अंधाराचा राजपुत्र : हेडलाइटच्या निळ्या तारेचा इतिहास

१/१३
जुन्या ब्रिटिश मोटारींच्या शौकिनांत एक विनोद पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो : ल्युकस कंपनीच्या दिव्यांच्या स्विचला तीनच अवस्था असतात, बंद, मिणमिण आणि लुकलुक. याच विनोदाने जोसेफ ल्युकस यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी बहाल केली. परंतु इतिहासाचा पुरावा म्हणून हा विनोद टिकतो का? त्याचे उत्तर हेडलाइटच्या निळ्या तारेचा माग काढल्यावर मिळते. #थ्रेड

२/१३
बर्मिंगहॅममध्ये दिव्याचे तेल विकण्यापासून ल्युकस यांचा व्यवसाय सुरू झाला. पुढे सायकलचे दिवे आणि मग मोटारींची विद्युत उपकरणे आली. या क्षेत्रावर कंपनीची पकड एवढी घट्ट झाली की, ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाला त्याविषयी १९६३ मध्ये अहवाल सादर करावा लागला. बहुसंख्य गाड्यांत एकाच कंपनीचे साहित्य असेल, तर वाटेत बंद पडलेल्या बहुसंख्य गाड्यांवरही त्याच कंपनीचे नाव आढळणार. विनोद ही साधी गोष्ट विसरतो.

३/१३
उदाहरणादाखल एमजीबी घ्यावी. १९६२ मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही दोन आसनी स्पोर्ट्‌स गाडी १९८० पर्यंत तयार होत राहिली. एकूण संख्या पाच लाखांहून अधिक. सुरुवातीच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे बसवलेल्या असत आणि हेडलाइट अर्थातच पुढे. म्हणजे बॅटरीपासून दिव्यापर्यंतचा मार्ग जवळपास गाडीच्या लांबीएवढा.

४/१३
हा मार्ग रंगांवरून वाचता येतो. ब्रिटिश रंगसंकेतात बॅटरीशी थेट जोडलेली तार तपकिरी छटेची. ती डॅशबोर्डवरील स्विचपर्यंत येते. तिथून शुद्ध निळी तार जमिनीवरील, पायाने दाबायच्या डिपर स्विचकडे जाते. पुढे दोन फाटे फुटतात : निळी-पांढरी तार अप्परसाठी, निळी-लाल डिपरसाठी. दिव्यापासून गाडीच्या अंगाला जोडणारी तार काळी. साठ वर्षांनंतरही हे रंग नकाशासारखे उपयोगी पडतात. मात्र मधल्या काळात कोणी वाटेल त्या रंगाची तार जोडली नसेल तर.

५/१३
या मार्गात दोन गोष्टी नव्हत्या : रिले आणि फ्यूज. हेडलाइटचा सगळा प्रवाह थेट स्विचच्या इवल्याशा पट्टीतून वाहत असे. सुरुवातीच्या एमजीबीत कामाचे फ्यूज दोनच, आणि हेडलाइट त्यांच्या कक्षेबाहेर. फ्यूज उडून भर वेगात दोन्ही दिवे एकदम जाण्यापेक्षा तो नसलेला बरा, असे त्यामागील कारण दिले जाते. त्याची दुसरी बाजूही होती : हीच तार कुठे सोलवटून पत्र्याला टेकली, तर ती जळण्यापासून वाचवणारे मध्ये काहीच नाही.

६/१३
आता थोडे गणित. दोन्ही अप्पर दिवे मिळून १२० वॉटचे धरले, तर १२ व्होल्टला प्रवाह होतो १० अँपिअर. स्विचच्या संपर्कबिंदूवर काजळी साचून अवघा ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तर तिथेच १ व्होल्ट खर्ची पडतो आणि १० वॉट उष्णता तयार होते. संपर्क तापतो, त्याची स्प्रिंग ढिली पडते, रोध आणखी वाढतो. दिवे लावल्यावर दहा मिनिटांनी विझतात आणि थंड झाल्यावर पुन्हा लागतात, त्यामागे बहुधा हेच दुष्टचक्र असते.

७/१३
एका व्होल्टची ती काय मातब्बरी, असे वाटेल. पण तंतूच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात नव्हे, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. दाब दहा टक्क्यांनी कमी झाला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. ‘जुन्या गाड्यांचे दिवे मुळातच मंद’ या समजुतीत तथ्य आहे. पण त्या मंदपणाचा मोठा वाटा बल्बचा नसून वाटेत हरवलेल्या व्होल्टचा असतो.

८/१३
मंडलाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचे पोलादी अंग. दिव्याची काळी तार या पत्र्याला जोडली की तारेची बचत होते. याला अर्थिंग म्हणतात, आणि बहुतांश रहस्यांची उकल इथेच होते. साठ वर्षांत बोल्टखाली गंज चढतो. नव्याने रंगकाम करताना त्या जागीही रंगाचा थर बसतो. रंग वीज वाहू देत नाही. म्हणूनच नुकतीच झळाळी दिलेल्या गाडीचे दिवे कधी कधी आधीपेक्षाही मंद लागतात.

९/१३
लक्षणे हीच इथली साधने. ती नीट वाचावी लागतात.
दोन्ही दिवे मंद : दोष सामाईक मार्गात, म्हणजे स्विच, तपकिरी तार किंवा डायनॅमो.
एकच दिवा मंद : त्याचे अर्थिंग किंवा होल्डर.
अप्पर लागतो, डिपर नाही : पायाशी ओल खाऊन गंजलेला डिपर स्विच, किंवा तुटलेली निळी-लाल तार.
इंडिकेटरबरोबर पुढचा दिवाही धडधडतो : दोघांचे अर्थिंग एकच आणि कच्चे.

१०/१३
सर्वांत फसवा साक्षीदार म्हणजे दिवा बंद ठेवून मोजलेले १२ व्होल्ट. तारेतील एकच धागा शाबूत असला तरी मीटर पूर्ण दाब दाखवतो, कारण त्या वेळी प्रवाहच नसतो. म्हणून दिवे लावून मोजावे : आधी स्विचच्या दोन टोकांमध्ये, मग दिव्याचे काळे टोक आणि बॅटरीचे अंगाशी जोडलेले टोक यांच्यामध्ये. निर्दोष जोडावर हा आकडा शून्याच्या जवळ असतो. जिथे तो अर्ध्या व्होल्टवर जातो, तिथे गुन्हेगार सापडला.

११/१३
आणखी एक ऐतिहासिक सापळा आहे. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९३०च्या दशकापासून रूढ होती. साध्या बल्बला दिशा कळत नाही, एलईडीला कळते. ऋण अर्थिंगसाठी बनवलेला एलईडी अशा गाडीत बसवला, तर तो लागत नाही किंवा निकामी होतो. दोष मग उगाचच जुन्या स्विचच्या माथी मारला जातो.

१२/१३
हा वारसा भारतालाही परका नाही. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घडलेली अँबॅसिडर १९५७ पासून उत्तरपाडा येथे तयार होऊ लागली आणि २०१४ पर्यंत होत राहिली. १९६१ मध्ये ल्युकस आणि टीव्हीएस यांची संयुक्त कंपनी मद्रास येथे स्थापन झाली. ‘अंधाराच्या राजपुत्रा’चे नाव धारण करणारे स्टार्टर आणि डायनॅमो पुढे भारतीय रस्त्यांवर धावले.

१३/१३
मग अशा गाडीत आज रिले बसवावा का? जुन्या तारांना हात न लावता, दिव्यांजवळ रिले आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र फ्यूज देता येतो. स्विचमधून मग नाममात्र प्रवाह वाहतो, एक फ्यूज उडाला तरी दुसरा दिवा जळत राहतो, आणि ही जोडणी केव्हाही काढून गाडी पूर्ववत करता येते. अस्सलपणाचा आग्रह रास्तच. पण अंधाऱ्या वळणावर समोरून येणाऱ्या माणसाला गाडी दिसणे त्याहून मोलाचे. राहिला राजपुत्र. त्याच्यावरील आरोपांपैकी काही खरे असतीलही. परंतु बहुतेक अंधार पसरवला तो गंजाने, रंगाने आणि मोजण्याआधीच निकाल देण्याच्या सवयीने.