एका यमकाची न्यायालयीन बाजू

मद्याच्या जाहिरातीस भारतीय दूरचित्रवाणीवर मज्जाव आहे. १९९४ च्या केबल नियमांत तो स्पष्ट शब्दांत आला. तेव्हा बिअरच्या कंपन्यांनी आपले नाव सोड्याच्या वा पाण्याच्या बाटलीवर चढवून पडद्यावर प्रवेश मिळविला. वस्तूस काय म्हणावे हा प्रश्न तेथे पळवाटेचा होता. मुंबईच्या एका मराठी कारखानदार घराण्याने मात्र तोच प्रश्न जाहिरातीत उघडपणे मांडला, आणि त्याच्या निर्णयासाठी त्यास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी स्थापन केली. ‘व्हिको’ हे तिच्याच आद्याक्षरांचे रूप होय. आरंभी दंतमंजन निघाले. हळदीचे क्रीम १९७० नंतरच्या दशकातील. दूरदर्शनने १९७६ च्या जानेवारीत व्यापारी जाहिराती स्वीकारण्यास आरंभ केला आणि १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेचे प्रायोजकत्व व्हिकोकडे आले. चित्रपटगृहांत आधीच परिचित झालेली चाल अशा रीतीने घरोघरी पोहोचली.

जाहिरातीची रचना साधी आहे. हळद लागलेली नवरी, मंगल वातावरण, आणि ‘टर्मरिक’ व ‘कॉस्मेटिक’ या दोन इंग्रजी शब्दांचे यमक. नाशिकच्या काय, कोणत्याही मराठी लग्नघरातील ही हळद. तिला टर्मरिक म्हणण्याचे कारण काय? नवेपणाची हौस हे एक कारण खरेच. परंतु अधिक महत्त्वाचे म्हणजे यमकाने जोडलेल्या दोन शब्दांपैकी दुसऱ्याचा तेथे स्वच्छ निषेध केलेला आहे. माल विकावयास निघालेल्याने आपला माल काय नव्हे हे प्रथम सांगावे, ही रीत विरळा. (‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणून उतावळ्यांची थट्टा करणाऱ्या भाषेत हळदीचे क्रीम खपविणे हेही धाडसच.)

या निषेधास करविषयक बाजू होती. अबकारी खात्याच्या मते हे क्रीम प्रसाधन होते, कंपनीच्या मते आयुर्वेदीय औषध. आणि प्रसाधनावरील कर औषधावरील कराहून बराच अधिक. १९८५ च्या अबकारी दरपत्रकात औषधे तिसाव्या प्रकरणात, प्रसाधने तेहेतिसाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली निर्णय कंपनीच्या बाजूने दिला. अशा वादांत दोन कसोट्या लावल्या जातात : घटकद्रव्ये आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत आढळतात काय, आणि सामान्य व्यवहारात लोक त्या वस्तूस औषध समजतात काय.

भाषाभ्यासकाचे लक्ष वेधते ती दुसरी कसोटी. ग्रंथ जाहिरातीने बदलत नाहीत, लोकव्यवहार बदलतो. ज्या श्रोत्यांनी वर्षानुवर्षे ते यमक ऐकले, त्यांच्याच समजुतीस कायदा प्रमाण मानीत होता. न्यायालयाने जाहिरातीवर विसंबून निर्णय दिला असा याचा अर्थ नव्हे. पहिली कसोटी स्वतंत्रपणे उभी होतीच. तथापि लोकरूढी ही आपोआप घडलेली, निःपक्ष साक्षीदार आहे, हे अशा खटल्यांमागील गृहीत येथे डळमळते. कित्येक मराठी श्रोत्यांच्या कानी ‘कॉस्मेटिक’ हा शब्द बहुधा प्रथम पडला तो या निषेधाच्या रूपानेच.