डिकीचा दरवाजा आणि खारा वारा

हा या भागाचा लेखी उतारा. बोलताना जे 'म्हणजे काय झालं' वगैरे झालं ते थोडं कमी केलंय, सगळं काढलेलं नाही.

आजचा इतिहास एका दरवाजाचा आहे. किल्ल्याचा नाही हां, आधीच सांगतो. देवगड किंवा विजयदुर्गाच्या आशेने प्ले दाबलं असेल तर सॉरी. हा दरवाजा आहे बसच्या डिकीचा. साधारण तीन फूट लांब, दोन फूट उंच, वर बिजागरी, खाली चौकोनी चावीचं कुलूप. गेल्या सप्टेंबरात तो जामसंड्याला आमच्या खळ्यात दोन वीटांवर आडवा पडला होता आणि मी, पुण्यात बसून लोकांची लॉगिन पानं दुरुस्त करणारा इंजिनियर, त्याच्याकडे बघत होतो. कोपऱ्याला बोट लावलं तर बोट आत गेलं.

बस एका दशावतारी मंडळाची. नाव सांगत नाही, मालकांना आवडणार नाही. मालक आमच्या आजोबांच्या ओळखीतले. आदल्या मोसमात डिकीत पाणी शिरलं आणि आत ठेवलेल्या पेटाऱ्यातला गणपतीचा मुखवटा भिजला. लाकूड फुगलं, सोंडेजवळचा रंग सुटला. ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, रात्री खेळ सुरू होतो तो गणपतीच्या प्रवेशाने. मग रिद्धीसिद्धी, मग संकासूर, आणि त्यानंतर आख्यान. म्हणजे मंडळासाठी तो मुखवटा म्हणजे 'प्रॉप' नाही. मालक एवढंच म्हणाले, "रंग काढून घेतलो, पण ह्या परत होता नये." तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात. हातात दीड महिना.

आता थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा'. ती दशावतारी नटांवरच आहे. रात्रभर भरजरी कपड्यात इंद्र किंवा रावण व्हायचं, पहाटे रंग पुसायचा आणि तेच कपडे, तलवारी, मुकुट पेटाऱ्यात भरून पुढच्या गावच्या देवळाकडे चालू लागायचं. रोज नवं गाव, रोज नवी जत्रा. पेटी, मृदंग, झांज, सगळं बरोबर. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं आणि मागे पडदा. मला नेहमी वाटायचं की हा साधेपणा म्हणजे परंपरा. आता वाटतं, त्यात अर्धा भाग वजनाचा असणार. जे डोक्यावर मावत नाही ते नाटकात येत नाही.

मग आली एसटी. १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर, पहिली गाडी. हे तुम्हाला दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, त्यामुळे तपशिलात जात नाही. माझ्या कामाचं एवढंच की सुरुवातीच्या त्या ३० बेडफर्ड गाड्यांची बॉडी लाकडी होती आणि सीट काथ्याच्या. तेव्हाचं सामान कुठे, तर टपावर. मागे लोखंडी शिडी, वर कठडा, पावसात ताडपत्री. हमाल एका हाताने शिडी धरून तांदळाची गोण वर चढवतोय, हे चित्र आमच्या वडिलांच्या पिढीला अजून आठवतं. चाकरमानी मुंबईला निघाला की नारळ, फणस, कोकमं, सगळं टपावर. आंब्याच्या पेट्यासुद्धा. देवगडला आजही रेल्वे नाही. कोकण रेल्वे १९९८ला पूर्ण सुरू झाली तरी गाडी पकडायला कणकवलीकडे जावंच लागतं. म्हणजे आमच्या तालुक्याचं सामान कायम रस्त्यावरूनच गेलं, बंदर शांत झाल्यापासून तर जास्तच. आणि नटांच्या डोक्यावरचा बोजा एक मजला वर सरकला, एसटीच्या टपावर.

इथे एक गोष्ट आहे जी मला शाळेत कोणी सांगितली नाही. लाकडी बॉडीनंतर एसटीने धातूच्या बॉडी आणल्या, आणि १९६०च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियम. कारण काय? लोखंड गंजतं, विशेषतः किनारपट्टीवर. म्हणजे लालपरीचा तो पत्रा ठरताना कुठेतरी आपल्यासारख्या गावांचा खारा वारा हिशेबात धरला गेला होता. लाल रंगही त्याच सुमाराचा. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची ७.८ च्या आसपास, म्हणजे तोच आकार साधारण एक तृतीयांश वजनात. घाट चढणाऱ्या गाडीला हा फायदाही कमी नाही.

डिकी शब्दाचीही मजा आहे. विलायतेत घोडागाडीच्या मागच्या जास्तीच्या सीटला 'डिकी' म्हणायचे, नोकर तिथे बसायचा. मोटारी आल्यावर मागची उघडमिट सीट डिकी झाली, मग सीट गेली आणि सामानाची जागा राहिली. इंग्रजांनी शब्द सोडून दिला, आपण ठेवला. बसमध्ये ही जागा कशी निघते ते एकदा वाकून बघा. पुढे इंजिन असलेल्या गाडीला खाली दोन लांब लोखंडी तुळया असतात. त्यांच्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मध्ये पोकळी राहते. तिथे डिझेलची टाकी, बॅटरी, स्टेपनी बसते आणि उरलेल्या जागेला दरवाजा लावला की डिकी. १९८२च्या आशियाई खेळांनंतर 'एशियाड' गाड्या आल्या, रातराणी त्याच्या आधी १९६८ला. लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये सामान हळूहळू टपावरून पोटात आलं. सोय झाली. पण टपावरच्या सामानाला पाणी वरून लागायचं, ताडपत्रीने थांबायचं. पोटातल्या सामानाला ते खालून लागतं, चाकाने उडवलेलं, चिखल आणि मीठ घेऊन.

आमच्या मंडळाची बस एसटीची नाही, खासगी. बॉडी घाटावर बांधलेली. आणि सगळी गोम तिथेच होती.

दरवाजा उघडला तेव्हा कळलं. बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत लोखंडी चौकोनी पाइपची चौकट, आणि दोन्ही जोडायला लोखंडी रिव्हेट. घाटावर हे वर्षानुवर्षं चालतं. समुद्राजवळ दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की ती बॅटरी होते. अक्षरशः. आपल्या फोनमध्ये चालतं त्याचंच बाळबोध रूप. रिव्हेटवरचा जस्ताचा मुलामा आधी जातो, मग भोकाच्या कडेचा अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतो, भोक मोठं होतं, पत्रा हलतो, जास्त पाणी शिरतं. माझ्या बोटाला लागलं ते तेच. मला आधी तो जुना चुना वाटला होता.

दुरुस्ती केली ती एका पत्रेकाम करणाऱ्या काकांनी. माझं काम धरायचं आणि प्रश्न विचारायचं. जुने रिव्हेट ड्रिलने उडवले. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने सरळ केला. लोखंडी हातोडी लावली तर अ‍ॅल्युमिनियम ताणला जातो आणि फुगा येतो. चौकटीची खालची पट्टी पूर्ण गेलेली, तिथे नवा पाइप वेल्ड केला, प्रायमरचे दोन हात. पत्रा आणि चौकट यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी, म्हणजे धातू धातूला टेकणारच नाही. मी म्हटलं होतं जुनी टायरट्यूब कापून लावू. पण त्या काळ्या रबरात काजळीचा कार्बन असतो आणि कार्बन या भांडणात आणखी तेल ओततो. हे मी रात्री वाचलं आणि सकाळी मुकाट प्लास्टिक आणलं.

रिव्हेटवरून वाद झाला. मला पॉप रिव्हेट हवे होते, पटापट होतात. काकांनी एक तोडून दाखवला. बाहेरून अ‍ॅल्युमिनियम, पण ओढून तुटणाऱ्या खिळ्याचा तुकडा आत राहतो, तो लोखंडी. म्हणजे शत्रू पुन्हा आतच. त्यांनी भरीव अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट घेतले. मागून मी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, पुढून ते ठोकणार. बत्तीस रिव्हेट, दोन संध्याकाळ, आणि माझ्या अंगठ्याचं एक नख.

तेव्हाच मी मोबाइलवर बघत बसायचो की अमेरिकेत लोक जुने ट्रेलर कसे दुरुस्त करतात. गाडीमागे ओढायची घरं. १९३४ला हॉली बौलस नावाच्या माणसाने चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर केला, 'रोड चीफ'. लिंडबर्गने ज्या विमानातून १९२७ला अटलांटिक ओलांडला ते बांधण्याच्या कामावर हाच बौलस देखरेखीला होता. मग १९३६ला एअरस्ट्रीमचा 'क्लिपर' आला. अंगभर रिव्हेट, विमानासारखे. आणि बाहेरून उघडणारे सामानाचे छोटे दरवाजे. आज ते जुने ट्रेलर जपणारी माणसं याच दरवाजांशी झगडतात: कुजलेली चौकट, गळका रबर, पांढरी भुकटी. आणि उपायही तेच, भरीव रिव्हेट, मध्ये काहीतरी अडसर. काकांना व्हिडिओ दाखवला. ते बघून म्हणाले, "हेंच्याकडे वेळ बरो आसा."

आता माझी चूक. दरवाजाच्या खालच्या कडेला तीन बारीक भोकं होती. मी हुशारी केली. पाणी शिरतंय ना? मग भोकं बुजवा. काका जेवायला गेलेले असताना तिन्ही सिलिकॉनने बंद केली, वर बोटाने सफाईदार फिनिश. चार दिवसांनी दरवाजा हलवला तर आत डुबुक डुबुक.

"रे झिला, बुराक बंद कित्याक केलंस? आत गेलला पाणी खंयसून भायर येतला?"

वरच्या सांध्यातून थोडं पाणी येतच राहतं, रात्रीच्या गारव्यात दव धरतं. ते बाहेर जायची वाट ही भोकंच. चौकट आधी कुजली होती तीही बहुतेक याचमुळे, तिन्ही भोकं चिखलाने लिंपलेली मी स्वतः पाहिली होती, फक्त त्यातून काही शिकलो नव्हतो. कोडमध्ये एरर दिसू नये म्हणून ती गिळून टाकणाऱ्या ज्युनियरला मी महिन्याभरापूर्वीच झापलं होतं. असो. सिलिकॉन खरवडायला एक तास लागला.

काकांनी मग बिजागरीच्या वर एक वाकवलेली पट्टी बसवली. घराच्या पागोळ्या जशा भिंतीपासून लांब पडतात तसं पाणी दरवाजाच्या पुढे पडावं म्हणून. सगळ्यात स्वस्त भाग तोच होता आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा.

इथे एक बाजू राहते. २०१८च्या सुमारास एसटीने नव्या बॉडी पुन्हा माइल्ड स्टीलच्या बांधायला सुरुवात केली. कारण सुरक्षितता. अपघातात अ‍ॅल्युमिनियमची बॉडी फाटत जाते, स्टीलचा सांगाडा आतल्या माणसांना धरून ठेवतो. मला हे पटतं. डिकीतला मुखवटा आणि सीटवरचा माणूस यात निवड करायची वेळ आली तर चर्चा नको. पण खारा वारा काही १९६०नंतर बदललेला नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या आगारांत आता रंग, प्रायमर आणि अशी तीन भोकं यांच्यावर जास्त भार येणार. स्टॅंडवर उभे असाल तेव्हा गाडीच्या खालच्या कडेला नजर टाका, मी काय म्हणतोय ते दिसेल.

तुळशीचं लग्न झालं आणि दोन दिवसांनी बस निघाली. पहिल्याच रात्री अवकाळी पाऊस आला, पुरता तासभर. मी पुण्यात होतो. सकाळी मालकांना फोन केला, छातीत धडधड, प्रॉडक्शनला रिलीज गेल्यावर होते तशी.

"डिकी कोरडी काय हो?"

"एका कोपऱ्यात जराशी ओल आसा. कपडे बरे आसत."

"आणि मुखवटा?"

"तो खंय डिकीत? तो आता डायवराच्या बाजूक, सीटवर."