बंदुकीचा नवा धनी

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंहांची म्हणून जी शस्त्रे जतन करून ठेविली आहेत, त्यांत तलवारी, ढाल, धनुष्ये व बाण यांच्यासमवेत एक तोड्याची बंदूकही आहे. गुरू १७०८ साली गोदातीरी आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथेच त्यांचे देहावसान झाले. सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारविली. दर्शनास येणाऱ्या हजारो भाविकांची दृष्टी त्या बंदुकीवरून सहज सरकून जाते. परंतु ज्याच्या घरी प्रथमच बंदूक यावयाची आहे, त्याने तिजपुढे क्षणभर थांबावे. आज जी रायफल एका चापासरशी एक बार काढून दुसरी गोळी आपली आपणच नळीत घेते, तिच्या वंशावळीचे हे फार जुने पान आहे, आणि नव्या धन्यास जे शिकावयाचे त्याचा पहिला पाठ याच पानावर लिहिलेला आहे.

तोड्याची बंदूक चालविणे हे एक अनुष्ठानच होते. मापाने दारू मोजून नळीच्या तोंडातून ओतावयाची, वर गोळी घालावयाची, गजाने ती ठासावयाची, मग कानाजवळच्या पात्रात रंजक घालावयाची, आणि जळता तोडा, म्हणजेच जामगिरी, घोड्याच्या चिमट्यात नीट बसवून मगच नेम धरावयाचा. चाप दाबला की जळता तोडा रंजकेवर टेके आणि बार होई. दोन बारांमध्ये बराच अवकाश जाई. पाऊस आला की सारे शस्त्र लाकडाच्या किमतीचे. अशा बंदुकीचा धनी निष्काळजी असला तर आपलीच दाढी जाळून घेई. पण बंदूक भरलेली आहे की नाही याविषयी त्याच्या शेजाऱ्याला संशय राहत नसे. तोडा धुमसत असे, त्याचा वास येत असे. धोका डोळ्यांना दिसे व नाकाला कळे.

पुढल्या पायरीचे स्मरण लातूर जिल्ह्याच्या भूमीवरच होते. सदाशिवराव भाऊंनी ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या मोहिमेत निजामाचा जो पराभव केला, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा व पलटणींचा वाटा मोठा होता. हा इब्राहिमखान पूर्वी निजामाच्याच पदरी होता आणि बुसी या फ्रेंच सेनानीच्या कवायतीत तयार झालेला होता. गारद्यांच्या हाती चकमकीच्या बंदुका असत. जळता तोडा गेला, त्याच्या जागी गारगोटी आली. पोलादावर ती आपटली की ठिणगी पडे. या बदलाने शिपायाचे काम सोपे झाले, पण भरलेली बंदूक आणि रिकामी बंदूक यांत बाहेरून काही भेद उरला नाही. म्हणूनच कवायत जन्मास आली. भरणे, खांद्यास लावणे, बार काढणे, पुन्हा भरणे ही प्रत्येक क्रिया हुकुमाने व क्रमानेच करावयाची. ही शिस्त शत्रूस मारण्याकरिता होती हे खरेच. तथापि शेजारच्या फळीतला आपलाच माणूस मरू नये, हाही तिचा हेतू होता. उदगीरच्या विजयाचे वर्णन करताना इतिहासकार मिळालेल्या साठ लाखांच्या मुलखाचा हिशेब देतात, त्या शिस्तीचा देत नाहीत. पुढे एकाच वर्षाने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर इब्राहिमखान पकडला जाऊन मारला गेला.

एकोणिसाव्या शतकात गारगोटी जाऊन तांब्याची टोपी आली. ठासणीची केपवाली बंदूक मराठवाड्याच्या खेड्यांत राखणदाराच्या झोपडीपर्यंत पोहोचली व तेथे फार काळ टिकली. मग मागून मोडून काडतूस घालण्याची सोय झाली, आणि दुनळी बारा बोअर ही पाटलांच्या, देशमुखांच्या वाड्यातील भिंतीची शोभा होऊन बसली. तिजबद्दल सांगावे असे फारसे नाही. ती मोडली की दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो; रिकामी असल्याची याहून प्रामाणिक ग्वाही कोणतेच हत्यार देत नाही.

खरा पालट झाला तो दारूमुळे. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने १८८४ मध्ये बिनधुराची दारू सिद्ध केली. जुन्या काळ्या दारूची राख व काजळी इतकी जमे की नाजूक कळी थोड्याच बारांत अडकून पडे; नव्या दारूने ती अडचण बरीचशी दूर केली. बार होताना जो धक्का किंवा जो वायू फुकट जातो, त्याच्याच बळाने रिकामे काडतूस बाहेर फेकावे व नवे आत ओढावे, ही कल्पना त्यामुळे व्यवहारात उतरली. अमेरिकेत १९०३ साली विंचेस्टर कंपनीने टी. सी. जॉन्सन याने रचलेली .२२ बोअरची आपोआप भरणारी रायफल विक्रीस काढली. तिच्या दस्त्यातील नळीत दहा काडतुसे राहत. तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, जॉन ब्राउनिंग याच्या योजनेची रेमिंग्टनची ‘मॉडेल ८’ बाजारात आली. ती मोठ्या शिकारीकरिता होती. सैन्याच्या हाती असली रायफल सार्वत्रिक होण्यास पुढे अनेक वर्षे लागली. अमेरिकन सैन्याने गॅरंड रायफल १९३६ साली स्वीकारली. म्हणजे या एका बाबतीत शिकारी शिपायाच्या पुढे होता.

विंचेस्टरच्या त्या पहिल्या रायफलीची एक गोष्ट नव्या धन्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी .२२ची साधी काडतुसे काळ्या दारूचीही मिळत. ती या रायफलीत कोणी घातली तर कळ काजळून बंद पडेल, या भयाने कंपनीने तिजसाठी मुद्दाम निराळ्या आकाराचे काडतूसच काढले. साधे काडतूस तिच्यात चालतच नसे. कारागिराने ग्राहकाच्या शहाणपणावर विश्वास ठेवला नाही, आणि ते योग्यच केले. आज ती तजवीज प्रत्येक हत्यारात नसते. नळीवर जे नाव व जो आकडा कोरलेला असतो तेच काडतूस घालावे; ‘जवळपास बसते’ म्हणून दुसरे घालणे म्हणजे तोंडापुढे सुरुंग लावून घेणे होय. आजोबांच्या पेटीत सापडलेली पन्नास वर्षांपूर्वीची काडतुसे तर मुळीच वापरू नयेत. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत उतरतो, हवेतील ओल शोषतो, आणि आषाढ-श्रावणात नळी आतून गंजून जाते. तसली काडतुसे चालविणारे शिकारी पूर्वी रोज रात्री नळीत उकळते पाणी ओतून ती धूत, मग कोरडी करून तेल देत. आजची काडतुसे बहुधा असा क्षार सोडीत नाहीत, म्हणून पुसण्याचा कंटाळा वाढला आहे. पण आपोआप भरणाऱ्या रायफलीत काजळी नळीपुरती थांबत नाही, ती सगळ्या कळीत शिरते.

मराठवाड्याने अडाणी हातांतील बंदुका १९४८ साली पाहिल्या. लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांपैकी आधुनिक रायफल थोड्यांच्याच हाती होती. पुष्कळांजवळ ठासणीच्या बंदुका, भाले व तलवारी होत्या. सिडनी कॉटन या वैमानिकाने कराचीहून विमानाने शस्त्रे आणून हैदराबादेत उतरविली, तरी १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई १७ तारखेस संपली. त्या वर्षाचा दुःखद हिशेब येथे मांडावयाचा नाही. इतकेच म्हणावयाचे की त्या काळी ज्यांनी पोर असता शेतात किंवा पडवीत ‘रिकामी’ म्हणून बंदूक हाताळली, त्यांची पिढी बंदुकीस भीत असे, आणि तिचे ते भय अगदीच वेडगळ नव्हते.

स्वातंत्र्यानंतर ‘सेल्फ लोडिंग’ हे नाव घरोघर गेले ते सैन्य व पोलीस यांच्यामुळे. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय सैन्याने ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची एसएलआर घेतली. तिच्या मॅगझिनमध्ये वीस काडतुसे मावत. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे एक प्रशिक्षण केंद्र नांदेड जिल्ह्यात मुदखेड येथे आहे. अशा दलांत सेवा करून परतलेल्या जवानास नव्या धन्याने जरूर गाठावे. पुस्तकाने जे एका महिन्यात कळत नाही, ते असा माणूस एका सकाळी शिकवितो.

तो बहुधा पहिल्यांदा हेच सांगेल की मॅगझीन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली असे नव्हे. दुनळी मोडली की दोन्ही घरे दिसतात. येथे मॅगझीन हातात असते आणि एक काडतूस मात्र नळीच्या घरात गुपचूप बसलेले असते. मागील बारानेच ते तेथे नेऊन ठेविले, धन्याने नव्हे, म्हणून धन्याच्या स्मरणात ते नसते. या हत्याराचे सगळे मर्म येथे आहे. तेव्हा क्रम असा: नळी सुरक्षित दिशेस, बोट चापाबाहेर, आधी मॅगझीन काढावे, मग खटका मागे ओढून घरातील काडतूस बाहेर पाडावे, खटका मागेच अडकवून घर डोळ्याने पाहावे आणि बोटानेही चाचपावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी खटका ओढून मग मॅगझीन काढले, तर खटका पुढे येताना नवे काडतूस घेऊन येतो, आणि धनी निश्चिंत होतो. असल्या निश्चिंतीनेच घरातील माणसे गेली आहेत. सुरक्षा-कळ लावली आहे एवढ्यावरही भिस्त ठेवू नये. ती लोखंडाची आहे व झिजते.

पहिल्या दिवशी मॅगझीनमध्ये एकच काडतूस घालावे. ते निभावले की दोन. याचे कारण असे की पहिल्या बाराचा धक्का नवख्याच्या खांद्यास अनपेक्षित बसतो, मूठ आवळते, आणि आवळलेल्या बोटाने दुसरा बार नकळत निघतो. तोवर नळी कोठे वळली असेल याचा नेम नाही. चाप दाबून बार झालाच नाही तर रायफल खाली आणून न्याहाळू नये. निशाणाकडेच रोखून अर्धा मिनिट थांबावे, कारण काडतूस उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर त्याहूनही सावध राहावे. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि उतावळा माणूस खटका ओढून मागून दुसरी सोडतो. नळी फुटते ती अशी. उजवीकडे उभ्या असलेल्या मित्राच्या मानेवर तापलेले रिकामे काडतूस पडते, हे त्यामानाने किरकोळ. पण त्या दचकण्याने तो ज्याच्या हाती रायफल आहे त्याचा हात धरतो, हे किरकोळ नव्हे.

लातूर व नांदेडच्या सपाट काळ्या रानाविषयी एक निराळी सूचना आवश्यक आहे. .२२ची इवलीशी गोळीदेखील दीड मैलापर्यंत जाऊ शकते. मोठ्या रायफलीची गोळी त्याच्या कितीतरी पलीकडे. हरभऱ्याच्या शेतापलीकडे कोणी निंदावयास बसलेले दिसत नाही, याचा अर्थ कोणी बसलेलेच नाही असा होत नाही. पाठीमागे मातीचा भरभक्कम बांध असल्याखेरीज बार काढूच नये, आणि खरे तर नेमबाजीच्या मान्य मैदानाबाहेर काढूच नये.

कारण शिकारीचे दिवस गेले. किनवट-माहूरचे रान एके काळी वाघाकरिता विख्यात होते. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. आता तेथेच पैनगंगेचे अभयारण्य आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार संपविली. शेतात शिरणारा काळवीटही या कायद्याने संरक्षित आहे. ‘स्पोर्टिंग’ या शब्दाचा अर्थ आता निशाणाचा कागद एवढाच उरला आहे, आणि त्यात कमीपणा नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळविले, स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकात कांस्यपदक आणले. दोघांच्या रायफली प्रत्येक बारास हाताने भरावयाच्या होत्या. नवख्याने तसल्याच रायफलीवर आरंभ करावा, हे अधिक बरे.

कायद्याचेही तेच सांगणे दिसते. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या कायद्याने हत्यारे हिरावली गेली. आजचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालील नियमांत अर्धस्वयंचलित रायफलींवर विशेष निर्बंध आहेत, आणि साध्या बंदुकीच्या परवान्यासारखा तिचा परवाना सहजी मिळत नाही. वाडवडिलांकडून अशी रायफल वारसाने येत असेल तर ती माळ्यावर ठेवून ‘पाहू पुढे’ म्हणू नये. स्वतःचा परवाना होईपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. २०१६ च्या नियमांनी अर्जदारास शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेणे आणि घरी ते बंदोबस्ताने ठेवण्याची हमी देणे आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ दोनच शस्त्रे राहतील असे ठरविले व लग्नावरातीत आनंदाने हवेत बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. हवेत गेलेली गोळी परत येतेच. मांडवाखाली बसलेल्या वऱ्हाडावर ती कोठे येईल हे नवरदेवाच्या काकांस ठाऊक नसते.

घरात रायफल व काडतुसे एका कुलपाखाली ठेवू नयेत. किल्ली देवघरातील खुंटीवर नको. मुले प्रथम तेथेच पाहतात. निवडणूक लागली की ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची सूचना येते. त्या दिवशी नेताना रायफल वर सांगितलेल्या क्रमाने रिकामी करावी, खोळीत घालावी, आणि ठाण्याच्या मेजावर ठेवण्यापूर्वी शिपायासमोर पुन्हा एकदा घर उघडून दाखवावे. तो पाहणार नाही असे वाटले, तरी दाखवावेच.