अश्लील कोण म्हणाले?

रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर लावणी लागली की माझ्या ओळखीचे पांढरपेशे पुणेकर आता तिला कौतुकाने ‘लोककला’ म्हणतात. ही पदवी तिला कशी मिळाली हे तपासले पाहिजे.

1947-48 च्या सुमारास मुंबई प्रांताच्या खेर सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण, अश्लीलता. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती आली, बंदी उठली आणि संहिता आधी तपासून घेण्याची अट पडली. महार, मांग, कोल्हाटी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून जोपासलेली कला शुद्ध की अशुद्ध, हे पुण्याच्या इतिहासपंडिताने ठरवायचे! गाणे धुतले गेले. गाणारीची जात, तिची उचल, तिची बिदागी यांना कोणी हात लावला नाही.

पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण असून ते फडात आले, म्हणून त्यांचा ‘त्याग’ झाला. त्यांच्या शब्दांना उभे करणारी महार समाजातील पवळाबाई हिवरगावकरीण मात्र त्यांच्या चरित्रातले एक प्रकरण होऊन राहिली.

रुमानियातील रोमा वादकांची कहाणी म्हणूनच मला परकी वाटत नाही. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातून गेले; 1855-56 पर्यंत तेथे मठांचे आणि जमीनदारांचे गुलाम होते. या वादकांनी जुनी लोकगीते वाजवली तर तो राष्ट्राचा वारसा. त्यांचेच ‘मानेले’ लग्नांत आणि रात्रीच्या वाहिन्यांवर वाजले, की सुशिक्षितांना ते हिणकस वाटते.

आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांची देणगी नाकारल्याची गोष्ट चळवळीत सांगितली जाते. आपल्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको, हा तिचा अर्थ मला मान्य आहे. तो नकार शोषणाला होता. आम्ही मात्र तो फडावरच्या आयाबहिणींनाच सुनावला, आणि 1956 नंतर स्वाभिमानाच्या भाषेत त्यांच्या पोटाचा प्रश्न गाळला.

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचा फड भाऊ-बापू मांग यांचा. भाऊंची मुलगी विठाबाई ‘भाऊ मांग नारायणगावकर’ असे पूर्ण नाव लावून नाचली, गाजली. 2002 साली ती गेली. नंतर सरकारने तिच्या नावे पुरस्कार सुरू केला: ‘विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव’. मधला ‘मांग’ त्यात नाही.